शिराझचं आंबवण ८ ब्रिक्सवर अडकलं?

प्रश्न: नाशिकजवळ घरची शिराझची (रेड वाइनच्या द्राक्षांची) छोटी बाग आहे. २४ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेची टक्केवारी) तोड केली, साली-बियांसकट २० लिटर लगदा यीस्ट घालून ठेवला. बुडबुडे थांबलेत, पण रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून साखर मोजणारं यंत्र) ८ च्या खाली जाईना. वर सडक्या अंड्याचा वास. पुन्हा यीस्ट घालू का?

उत्तर १: अजिबात नको. अल्कोहोल झालं की रिफ्रॅक्टोमीटर साखर जास्त दाखवतो. सुरुवात २४ ची असेल तर ८ म्हणजे साखर जवळपास संपलीच. हायड्रोमीटर (द्रवात तरंगून घनता दाखवणारी नळी) टाका, घनता ०.९९६ च्या आसपास असेल तर साली पिळून घ्या.

उत्तर २: वास बहुधा यीस्टला नायट्रोजन कमी पडल्याचा. डीएपी (यीस्टला नायट्रोजन देणारं क्षार) पहिली एक तृतीयांश साखर संपेपर्यंतच द्यायचं, आता उपयोग नाही. वेलीवर भुरीसाठी (बुरशीच्या रोगासाठी) गंधक मारलं होतं का? तोडणीआधी महिनाभर तरी ते बंद हवं, नाहीतर हाच वास येतो. आता वाइन एकदा उंचावरून दुसऱ्या भांड्यात ओता, गाळ मागे ठेवा.

उत्तर ३: ओतायचं ते एकदाच हं! नंतर भांडं गळ्यापर्यंत भरलेलं आणि एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं झाकण) लावलेलं हवं, नाहीतर व्हिनेगर होईल. मॅलोलॅक्टिक (जिवाणू तीव्र आंबटपणा सौम्य करतात तो दुसरा टप्पा) संपल्यावर, पिळून साधारण १४ लिटर वाइन उरली असेल तर तिला सव्वा ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (वाइन टिकवणारी पूड). आधी घातलंत तर मॅलोलॅक्टिकच अडेल.