पैशाआधी फॉन्ट बघा

एका भाऊंनी विचारलंय, दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावात अंध मुलांसाठी कॉम्प्युटर लॅब करायची तर महागडं सॉफ्टवेअर आणायचं कुठून? पैशाचं एवढं काही नाही हो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट आहे, पेनड्राइव्हवरूनही चालतो, आणि सोबतचा ईस्पीक, म्हणजे त्याचा बोलणारा आवाज, मराठी वाचतो. आवाज यंत्रासारखा आहे, पण कान सरावतात.

खरी गोची फॉन्टची. आपल्याकडं नोट्स, प्रश्नपत्रिका अजूनही कृतिदेव नाहीतर श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप होतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत भलतीच अक्षरं असतात. स्क्रीन रीडर तीच बडबडतो, मुलाला काही कळत नाही. फाइल युनिकोडमध्येच हवी, त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड असतो. सर-मॅडमनी इनस्क्रिप्ट हा युनिकोड मराठी टाइप करायचा कीबोर्ड शिकून घेतला तर अर्धं काम झालं. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे तर नुसता फोटो, आत वाचायला अक्षरंच नसतात.

व्हीलचेअरवरची मुलंही येणार असतील तर रॅम्पला एक फूट उंचीमागं बारा फूट लांबी धरा, नाहीतर गवंडी घसरगुंडी करून ठेवतो. एका हातानं टाइप करणाऱ्यासाठी विंडोजमध्ये शिफ्ट पाचदा दाबून स्टिकी कीज सुरू करता येतात, म्हणजे शिफ्ट-कंट्रोलसारखी बटणं धरून न ठेवता एकेक करून दाबता येतात. हेडफोन मात्र दर मशीनला घ्या. आणि इन्व्हर्टर, आपल्याकडची लाइट तुम्हाला माहीतच आहे.