जुना कॅसेटवाला टीव्ही गेम एलईडी टीव्हीवर: दुरुस्त करू की एम्युलेटर लावू? आणि मारिओ एवढा घाईत का पळतोय?

कोपरखैरणेकर

मंडळी, दोन गोष्टी हाताशी आहेत आणि दोन्ही अर्धवट चालतात.

पहिली: साठ पिनी कॅसेटचा जुना टीव्ही गेम. आत एकच मोठा काळा ठिपका (त्याखाली चिप) असलेला बोर्ड, एक ७८०५ रेग्युलेटर (५ व्होल्ट देणारा) आणि अँटेनाच्या वायरीसाठी पत्र्याची डबी. एव्हीची भोकं नाहीत. ॲडॉप्टर गहाळ. चार कॅसेटी, त्यातली एक '९९९९९९ इन १'. नऊ पिनी दोन रिमोट, एकाचं ए बटण मेलेलं. बंदूकही आहे.

दुसरी: रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, त्यावर रेट्रोआर्च (जुन्या मशीनची नक्कल करणारा एम्युलेटर), त्यात एफसीईयूएमएम कोअर (फॅमिकॉमचे गेम चालवणारा भाग). एचडीएमआयने ४३ इंची एलईडी टीव्हीला जोडलाय. गेम चालतो, पण 'तो' वाटत नाही. मारिओ घाईत पळतो, गाणंही भरभर वाजतं, आणि उडी बटण दाबल्यावर जराशी उशिरा लागते.

प्रश्न: घाई हा आठवणींचा खेळ आहे की सेटिंगचा? जुन्या डब्यावर खर्च करण्यात अर्थ आहे का? कुठला ॲडॉप्टर लावू? टीव्हीला अँटेनाचं भोक आहे, आणि एव्हीसाठी एकच ३.५ मिमीचा जॅक.

डेंडी५०

आठवण बरोबर आहे, सेटिंग चुकलंय.

आपल्या या डब्यांनी ज्याची नक्कल केली तो निन्टेंडोचा मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला, तो एनटीएससी टीव्ही पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला साधारण ६०.१ फ्रेम. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, ५० हर्ट्झचे. त्यामुळे समुराई, लिटल मास्टर वगैरे नावांच्या त्या काळात आपल्याकडे फॅमिकॉमच्या कॅसेटी पालवर चालवणारे जे डबे होते, त्यांत तैवानी पद्धतीच्या ५० हर्ट्झ चिपा सर्रास असत. रशियात १९९२ पासून 'डेंडी' नावाने विकला गेलेला डबा त्याच जातीचा, म्हणून एम्युलेटरवाले या प्रकाराला डेंडी म्हणतात. कॅसेटीतला गेम मात्र जपानी किंवा अमेरिकी, ६० फ्रेम धरून लिहिलेला. तो ५० वर चालला की साधारण १७ टक्के मंदावतो. घरोघरी मारिओ याच चालीने चालला. एम्युलेटर 'ऑटो'वर ठेवला की तो फाईल बघून ६० फ्रेम धरतो. तांत्रिकदृष्ट्या तेच बरोबर, पण तुमच्या कानाला ते घाईचं वाटणारच.

गंमत पुढे आहे. युरोपातल्या अस्सल पाल मशीनचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झचा, त्यामुळे तिथे हेच गेम लावले तर गाणं संथ होतंच, वर पट्टीही एका स्वरापेक्षा जास्त उतरते. (अर्धस्वराच्या हिशोबाने बोलतोय, संगीतवाल्यांनी मारू नये.) डेंडी जातीच्या डब्यात प्रोसेसर १.७७३ मेगाहर्ट्झचा, आणि जपानी मूळ १.७९०. फरक एका टक्क्याहून कमी. म्हणजे लय मंद, पण पट्टी जवळपास मूळचीच. म्हणून रीजनमध्ये 'पाल' निवडू नका, 'डेंडी' निवडा. पाल निवडून 'तरी काहीतरी बिनसलंय' म्हणणारे बरेच असतात.

तपासायचं कसं? सुपर मारिओ ब्रदर्सच्या पहिल्या पातळीवर घड्याळ ४०० पासून सुरू होतं आणि दर २४ फ्रेमला एक आकडा उतरतो. मारिओला शत्रू नसलेल्या जागी उभा करा, फोनचं स्टॉपवॉच लावा. १०० आकडे उतरायला ४० सेकंद लागले तर ६० फ्रेम, ४८ लागले तर ५०. जुना डबा सुरू झाला की त्यावरही हीच चाचणी करा, कारण सगळे डबे ५० चेच असतात असं नाही.

बदल करायची जागा: गेम चालू असताना क्विक मेनू, कोअर ऑप्शन्स, रीजन, डेंडी. मग गेम बंद करून परत सुरू करा. आणि हे विसरू नका: रास्पबेरी पायचं एचडीएमआय आउटपुटही १०८०पी ५० हर्ट्झवर न्या. ते ६० वर राहिलं तर दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा दिसते आणि स्क्रीन सरकताना हिसके बसतात.

जाता जाता: त्या डब्यांवर चित्र जरा चपटं आणि वर-खाली काळी पट्टी असं दिसायचं. पालच्या २८८ ओळींत गेमच्या २४० च भरतात, म्हणून. तेही हवं असेल तर आस्पेक्ट रेशो 'पाल' करा. मला स्वतःला ते आवडत नाही.

सोल्डरताई_नौपाडा

डेंडी५० यांनी एम्युलेटरचं सांगितलंच आहे, मी डब्याचं सांगते. डबा दुरुस्त करण्यासारखा आहे. ७८०५ असल्याने वीजेचा भाग सोपा.

ॲडॉप्टर: ९ व्होल्ट, १ ॲम्पियर, डीसी, एसएमपीएस प्रकारचा (हलका, स्विचिंगवाला) घ्या. जुने ट्रान्सफॉर्मरवाले '९ व्होल्ट' ॲडॉप्टर भार नसताना १२-१३ व्होल्ट दाखवतात, ते टाळा. राउटरचा १२ व्होल्टवाला लावून चालेल का, हे दर वेळी कोणीतरी विचारतं. चालतो, पण ७८०५ वरचे जास्तीचे व्होल्ट उष्णता म्हणून बाहेर पडतात. डबा ४०० मिलिॲम्पियर ओढत असेल तर ९ वर १.६ वॅट, १२ वर २.८ वॅट. छोट्याशा पत्र्याच्या हीटसिंकला ते झेपत नाही, अर्ध्या तासात रेग्युलेटर स्वतःला बंद करतो आणि गेम गोठतो.

खरा धोका पोलॅरिटीचा. अस्सल फॅमिकॉमला मधली पिन ऋण लागते, आणि बाजारातले बहुतेक ॲडॉप्टर मध्ये धन असलेले. नकली डब्यांत दोन्ही प्रकार आहेत. अंदाज नको. मल्टिमीटर बीपवर ठेवा. ७८०५ ची छापील बाजू तुमच्याकडे, पाय खाली: डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. मधल्या पायाशी जॅकचा कुठला भाग बीप करतो ते बघा, तो ऋण. शंका उरली तर धन वायरीत एक ४००७ डायोड टाका. ०.७ व्होल्ट पडतील, ८.३ उरतील, ७८०५ ला किमान ७ लागतात. बास झालं.

पहिल्यांदा वीज देताना कॅसेट लावू नका. आउटपुटच्या पायावर ४.८ ते ५.२ व्होल्ट मिळाले, तरच कॅसेट. इनपुटजवळचा कपॅसिटर वरून फुगलेला असेल तर १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा नवा टाका. १६ चा काढून २५ चा टाकलात तर बिघडत नाही, फक्त जाडी बघा, झाकण लागलं पाहिजे.

चित्र: आधी अँटेनाच्या भोकातून प्रयत्न करा, फुकट आहे. टीव्हीत ॲनालॉग मॅन्युअल ट्यूनिंग, ५५.२५ किंवा ६२.२५ मेगाहर्ट्झच्या आसपास. चित्र आलं पण आवाजाऐवजी नुसतं खरखर असेल तर साउंड सिस्टिम बीजी ऐवजी डीके करून बघा. काही डब्यांचा आवाज ५.५ ऐवजी ६.५ मेगाहर्ट्झवर निघतो. स्मार्ट टीव्हीत हा पर्याय खोल दडलेला असतो.

ते जमलं तरी चित्र मुंग्यांचंच येणार. म्हणून एव्ही काढा. पत्र्याच्या डबीत बोर्डावरून साधारण चार जोड जातात: ५ व्होल्ट, ग्राउंड (डबीचा पत्राच), व्हिडिओ, आवाज. पहिले दोन मीटरने ओळखा. उरलेल्यांपैकी कुठल्यावर चित्र आहे ते २२० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून, धन बाजू बोर्डाकडे ठेवून, टीव्हीच्या पिवळ्या वायरीला लावून बघा. चित्र फार भडक, पांढुरकं किंवा हलणारं आलं तर मध्ये बफर (सिग्नल सांभाळून पुढे देणारा छोटा टप्पा) लागतो: पीएनपी ट्रान्झिस्टर बीसी५५७. बेसला व्हिडिओ, कलेक्टर ग्राउंडला, एमिटरपासून ५ व्होल्टला ३३० ओहम. एमिटरमधूनच १०० ओहम, मग २२० मायक्रोफॅरड, मग पिवळा जॅक. बीसी५५७ ची सपाट बाजू समोर धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुकानदाराने त्याऐवजी २एन३९०६ दिला तर क्रम बरोबर उलटा. इथेच सगळे फसतात.

टीव्हीच्या ३.५ मिमी जॅकला टीव्हीसोबत आलेलीच वायर लावा. चार कड्यांच्या पिनेत ग्राउंड आणि व्हिडिओची जागा कंपनीगणिक बदलते, त्यामुळे रास्पबेरी पायची वायर टीव्हीला चालेलच असं नाही.

सुटे भाग सगळे मिळून फार तर चहा-नाश्त्याचा खर्च. ठाण्यात मिळाले तर ठीक, नाहीतर दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोड. रविवारी जाऊ नका.

खाडीकाठचा

ताईंच्या उत्तरात कॅसेटी राहिल्या, तेवढं जोडतो.

फुंकर मारू नका. हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे मारतात. फुंकरीने गेम लागतो तो कॅसेट काढून परत बसवल्यामुळे, पिना घासल्या जातात म्हणून. थुंकीचा ओलावा मात्र पिनांवर राहतो, आणि आपल्या खाडीच्या दमट हवेत त्याला हिरवा थर चढायला वेळ लागत नाही.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानातली काडी, पिनांच्या लांबीच्या दिशेने पुसायचं, काडी काळी यायची थांबेपर्यंत. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं, चिकट थर राहतो. डाग हटतच नसेल तर मऊ पांढरा खोडरबर, पण एकदाच आणि हलक्या हाताने. स्वस्त कॅसेटींवरचा मुलामा इतका पातळ की चार वेळा रबर फिरवला तर खालचं तांबं उघडं पडतं आणि मग ते दर पावसाळ्यात काळं होतं. ठेवताना झाकणबंद डबा आणि सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या.

साफ करूनही चित्राच्या जागी चौकडे, अक्षरांचा कचरा आला तर एखादी पिन लागत नाहीये, दोष स्लॉटचा. व्हिजिटिंग कार्डाला पातळ सुती कापड गुंडाळून अल्कोहोलने ओलं करा आणि आठ-दहा वेळा आत-बाहेर. जाडी कॅसेटीच्या बोर्डाइतकीच हवी. जास्त जाड घातलंत तर स्लॉटच्या पात्या कायमच्या फाकतात.

रिमोटचं ए बटण: स्क्रू काढा, रबराच्या तळाची काळी टिकली आणि बोर्डावरचा काळा पट्टा अल्कोहोलने पुसा. टिकली झिजली असेल तर त्यावर ६बी पेन्सिल घासा, काही आठवडे निघतात. पक्का इलाज म्हणजे दुसऱ्या रिमोटचं रबर. आणि नऊ पिनी आहे म्हणून सेगाचा रिमोट यात खुपसू नका, आतली जोडणी वेगळी.

'९९९९९९ इन १' मध्ये खरे गेम मोजकेच, बाकी तेच गेम वेगळ्या पातळीपासून किंवा जास्त जीव देऊन सुरू होतात. त्यामुळे यादीतला ५७ वा गेम लागत नाही म्हणून कॅसेट खराब समजू नका, वरच्या पानावरचा जुळा भाऊ लावून बघा.

शॉर्टकट_शोधक

एवढा खटाटोप कशाला? एचडीएमआयची गेम स्टिक घ्या, दहा हजार गेम, दोन वायरलेस रिमोट, विषय संपला.

डेंडी५०

संपत नाही हो. तशा स्टिकवर रीजन बदलायची सोय बहुधा नसते, म्हणजे मारिओ ६० वरच धावणार. वायरलेस रिमोट आणि आतला चालढकल एम्युलेटर मिळून उशीर आणखी वाढतो. सोबतचं मेमरी कार्ड हलक्या दर्जाचं असतं, घेतलीच तर पहिल्या दिवशी कार्डाची नक्कल काढून ठेवा. आणि त्या दहा हजारांतले हक्काने दिलेले किती, हा प्रश्न वेगळाच. रीतसर नवीन हवं असेल तर आजही या मशीनसाठी गेम बनतात. २०१९ चा मायक्रो मेजेस बघा, अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये.

ऐरोली_स्कॅनलाइन

उडी उशिरा लागते त्याबद्दल. आधी टीव्हीचा गेम मोड, तोही नेमक्या त्याच एचडीएमआय पोर्टसाठी. पुष्कळ टीव्हींत तो पोर्टगणिक वेगळा असतो. मोशन स्मूदिंग बंद. मग रेट्रोआर्चचं रन-अहेड (पुढच्या फ्रेम आधीच काढून उशीर कमी करणारी सोय). आकडा अंदाजाने टाकू नका: गेममध्ये कीबोर्डचं पी दाबून थांबवा, उडीचं बटण धरून ठेवा, के दाबत एकेक फ्रेम पुढे जा. कितव्या फ्रेमला मारिओ हलतो ते मोजा, त्यातून एक वजा करा, तो आकडा. जास्त टाकलात तर हालचालीतल्या फ्रेम गळतात, उडी तुटक दिसते.

डबा एव्हीने जोडलात तर वेगळीच अडचण. डबा सलग ओळींचं चित्र देतो, टीव्ही ते इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं) समजून दोन फ्रेमांची सरमिसळ करतो. या मशीनवर एका ओळीत ८ च स्प्राइट (हलणारी छोटी चित्रं) बसतात, म्हणून गर्दी झाली की गेम त्यांना आलटून पालटून दाखवतो. जुन्या ट्यूब टीव्हीवर ते लुकलुकतं, एलईडीवर शत्रू चक्क गायब होतो किंवा त्याला कंगव्यासारखे दात येतात. स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय डबी हेच करते, वर उशीरही वाढवते. रेट्रोटिंक २एक्स हे जुन्या मशीनसाठीचं कन्व्हर्टर हे नीट हाताळतं, पण ते डब्याच्या कितीतरी पट महाग. त्यापेक्षा भंगारवाल्याकडचा चालू १४ किंवा २१ इंची ट्यूब टीव्ही बघा. घेण्याआधी अर्धा तास चालवून रंग आणि कडा तपासा. मागचं झाकण उघडू नका, ट्यूबच्या ॲनोडवर २० हजार व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही ते टिकू शकतात.

कोपरखैरणेकर

डेंडी आणि ५० हर्ट्झ दोन्ही केलं. आधी ४० सेकंद होते, आता ४८. गाणं एकदम जागेवर आलं. रन-अहेड १ वर ठेवलंय. या रविवारी डबा उघडतो, म्हणजे सामान शनिवारीच आणावं लागेल. बंदुकीचं काही होईल का?

ऐरोली_स्कॅनलाइन

एलईडीवर नाही, गेम मोड लावूनही नाही. ट्रिगर दाबला की बदकं मारायचा गेम क्षणभर स्क्रीन काळी करतो आणि पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदूक तो उजेड त्याच फ्रेममध्ये शोधते, आणि तिचं सर्किट ट्यूबच्या साधारण १५ किलोहर्ट्झच्या ओळींच्या लुकलुकीलाच ओळखतं. एलईडीला ती लुकलुक नाही, वर चित्र दोन-चार फ्रेम उशिरा, मग प्रत्येक नेम चुकला असंच मोजलं जातं. ट्यूब टीव्ही मिळाला तर ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट वाढवून, खोलीतला ट्यूबलाइट बंद करून बघा. तरी लागत नसेल तर बंदुकीच्या नळीतली भिंग पुसा, बहुतेकदा तिथे बुरशी असते.