अंबाबाईला विष्णुपत्नी म्हणणं थांबवावं का?

पंचगंगाकाठ
दर नवरात्रात तिरुपतीहून कोल्हापूरच्या अंबाबाईला शालू येतो आणि दर वर्षी तेच कानावर पडतं, 'बालाजीनं बायकोला साडी पाठवली.' भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली, लक्ष्मी रुसून करवीरात, म्हणजे कोल्हापुरात आली, तिच्यामागं विष्णू वैकुंठ सोडून तिरुपतीच्या व्यंकटाचलावर उतरला, अशी ती कथा. पण गाभाऱ्यातली मूर्ती काय सांगते? हातांत म्हाळुंगाचं फळ, गदा, ढाल आणि पानपात्र. मस्तकावर नाग आणि लिंग-योनी. पाठीशी सिंह. दुर्गासप्तशती या देवीच्या पोथीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीचं हेच ध्यान दिलंय. शेजारी महाकाली, महासरस्वती. वरच्या मजल्यावर, बरोबर गाभाऱ्याच्या माथ्यावर, मातुलिंग महादेव. शेषशय्येवर पाय चुरणारी लक्ष्मी ही नव्हेच, ही आदिशक्ती. शालू यावा, मानानं घ्यावा. पण देवळाच्या आवारात ती रुसलेल्या बायकोची कथा सांगणं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोकाकची माहेरवाशीण
अजिबात पटलं नाही. आमच्याकडे तिरुपतीहून परतताना कोल्हापूर केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. मी सात-आठ वर्षांची असताना वडील डोईचे केस देऊन आले होते. रात्रभर एसटीत बसून पहाटे महाद्वारात उतरलो, आईनं ओटी भरली आणि मगच घरी गेलो. आंध्र-कर्नाटकातून आजही हजारो बायका खण-नारळ घेऊन येतात. त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही, त्या याच कथेचं बोट धरून येतात. त्यांना दारात काय सांगणार, तुमची श्रद्धा चुकली? आणि तुम्ही रोज म्हणता ती आरती तरी ऐका : 'पुरहरवरदायिनी मुरहरप्रियकांता'. मुरहर म्हणजे विष्णू. प्रियकांता म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

पंचगंगाकाठ
मग पुढची ओळही म्हणा ना : 'कमलाकारें जठरी जन्मविला धाता'. ब्रह्मदेव विष्णूच्या नाभिकमळातून जन्मला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. इथं तो देवीच्या उदरातून जन्मतो. आणि त्याच रहस्यात पुढं आहे की महालक्ष्मीनं ब्रह्मा आणि श्री ही जोडी उत्पन्न केली आणि ती श्री विष्णूला दिली. म्हणजे विष्णूची पत्नी हिची लेक लागते!

गोकाकची माहेरवाशीण
तुम्ही एका ओळीवर बोट ठेवता, मी दुसऱ्या. पण आरती लिहिणाऱ्यानं दोन्ही ओळी एकाच कडव्यात घातल्या. त्याला अडचण वाटली नाही, मग आपण का काट मारायची?

टेंबलाईची नात
दोघांनाही नवरात्रातल्या ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर न्यावंसं वाटतंय. त्या दिवशी अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या भेटीला जाते. अंबाबाईनं कोल्हासुर राक्षसाला मारलं, त्या लढाईनंतर विजयाच्या सोहळ्यात त्र्यंबोलीला बोलावणं राहिलं. ती रुसून टेकडीवर जाऊन बसली, ती करवीराकडं पाठ करून. तिचा रुसवा काढायला अंबाबाई स्वतः गेली आणि तिच्यासमोर कोहळ्याच्या रूपात कोल्हासुराचा वध पुन्हा करून दाखवला. आजही कुमारिकेच्या हातून त्रिशूळानं कोहळा फोडतात. फुटला रे फुटला की माणसं अशी तुटून पडतात की खाली पडलेला तुकडा दिसतसुद्धा नाही. आजी एकदा बोटाएवढी फोड पदराच्या गाठीत बांधून आली होती. चेंगराचेंगरीत हातातल्या बांगड्या फुटल्या होत्या, मनगटावर रक्त होतं, पण तिचं लक्ष गाठीवर. ती फोड आम्ही धान्याच्या कणगीत ठेवली.

तेव्हा पंचगंगाकाठ, देवी रुसली म्हणजे तिला कमीपणा आला, हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. रुसणं ही करवीराचीच रीत आहे. आदिशक्ती असून ती धाकटीची समजूत काढायला टेकडी चढते, यात मला तिचा मोठेपणा दिसतो. आणि गोकाकच्या ताई, तुम्ही शालूची कथा घेऊन येता, पण कोल्हासुराची न ऐकताच परत जाता, याचं मला वाईट वाटतं. गावाचं नाव त्या कथेतनं आलंय असं आम्ही मानतो.

पंचगंगाकाठ
रुसण्याबद्दलचं मान्य. 'बंद करावं' हा शब्द मागं घेतो. विष्णुपत्नी मात्र मी म्हणणार नाही. भाविकांची चूक नाही हेही खरं, कारण पूजा बांधली की साडी-दागिन्यांत म्हाळुंग, ढाल काहीच दिसत नाही. मी स्वतः मूळ मूर्तीचा फोटो पहिल्यांदा पाहिला तो तिशीत, आणि जन्म कोल्हापूरच्या पेठेतला! दर्शनरांगेत दोन-दोन तास माणसं उभी असतात. तिथं मूर्तीचं मोठं चित्र आणि कोल्हासुराची कथा मराठी, कन्नड, तेलुगूत लावावी.

गोकाकची माहेरवाशीण
लावा. कन्नड मजकूर मी स्वतः तपासून देईन. पण शेजारी शालूची कथाही हवी. ती नसेल तर माझ्या आईसाठी तो फलक अर्धाच.

पंचगंगाकाठ
शेजारी नको, खाली चालेल.

गोकाकची माहेरवाशीण
खाली का? आरतीत तर पुरहर शंकर आणि मुरहर विष्णू एकाच ओळीत आहेत दोघं.