नवी बॅटरी टाकली तरी सेल्फ मारल्यावर नुसतं 'कट्', हेडलाइट मात्र लख्ख

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. मी चिपळूणची, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. इंजिनातलं मला फारसं कळत नाही, म्हणून जे पाहिलं आणि ऐकलं ते जसंच्या तसं लिहिते.

गाडी 2017 ची पेट्रोल हॅचबॅक, एम.एच. 08 पासिंग. गेल्या दिवाळीत एजंटाकडून सेकंड हॅन्ड घेतली, तेव्हा मीटरवर 48 हजार किलोमीटर होते. सहा महिने काही तक्रार नव्हती. मे अखेरीस पहिल्या पावसानंतर एका सकाळी चावी फिरवली तर बोनेटखालून एकच 'कट्' आला आणि पुढे काहीच नाही. सात-आठ वेळा प्रयत्न केल्यावर घर्र करून चालू झाली. मग हे आठवड्यातून एकदा, आता जवळजवळ रोज. पावसाच्या सकाळी जास्त.

मेकॅनिक म्हणाले बॅटरी गेली. 4,200 रुपयांची नवी टाकली. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. आता म्हणतात सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) बदलावा लागेल, साडेसहा हजार. पैसे मी कसेही उभे करीन, पण सेल्फ बदलूनही असंच राहिलं तर? आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं आणि त्यांचा नंबर सकाळी सातचा असतो. गेल्या गुरुवारी त्यांना पावसात रिक्षात बसवून नेलं. परत येताना त्यांना इतका थकवा होता की रिक्षाच्या धक्क्यांनी डोळे मिटून बसले होते. ते पुन्हा होऊ द्यायचं नाही.

आणखी काही गोष्टी. हेडलाइट आणि हॉर्न अगदी व्यवस्थित. चावी फिरवताना हेडलाइट मंद होत नाहीत, हे मी रात्री भिंतीवर उजेड पाडून पाहिलं. शेजारची मुलं धक्का मारतात तेव्हा दुसऱ्या गिअरमध्ये लगेच चालू होते आणि मग दिवसभर छान चालते. याच्याशी संबंध नसेल, पण क्लच जड झालाय. मार्चमध्ये क्लचची केबल बदलली होती, तीन महिन्यांत पुन्हा जड. परवा खूप वेळा सेल्फ मारल्यावर प्लॅस्टिक जळल्यासारखा वासही आला.

घाटवळण

ताई, आधी उंदीर बघा. पावसाळ्यात ते इंजिनच्या उबेला येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात. माझ्या गाडीची फ्युएल पंपाची वायर अशीच गेली होती. बोनेट उघडून लेंड्या, कापडाचे तुकडे, अर्धवट खाल्लेली वायर दिसते का पाहा. सेल्फचा रिले (फ्यूजबॉक्समधला छोटा विजेचा स्विच) आणि हॉर्नचा रिले सारखाच असेल तर अदलाबदल करूनही बघता येतं, खर्च शून्य.

माळावरचा

मेकॅनिक बरोबर सांगतोय असं वाटतं. सेल्फमधले कार्बन, म्हणजे मोटरला करंट देणारे ब्रश, झिजले की अगदी असंच होतं. एकाला चावी फिरवायला सांगा आणि दुसऱ्याने सेल्फच्या बॉडीवर पान्याच्या दांड्याने हलकं ठोका. ठोकल्यावर फिरला तर कार्बन गेले समजा. मग अख्खा सेल्फ कशाला बदलायचा, कार्बन आणि बुश टाकून हजार-बाराशेत काम होतं. एकदम निकाल हवा असेल तर सेल्फची दोन टोकं स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करा.

चोवीस व्होल्ट

ताई, नमस्कार. मी सांगलीचा. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये 31 वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. आमच्या गाड्या 24 व्होल्टच्या, तुमची 12 ची. वीज दोन्हीकडं सारखीच वागते.

पहिलं सांगतो, स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करायचं काम तुम्ही करू नका आणि कुणाला करूही देऊ नका. गाडी चुकून गिअरमध्ये असली तर पुढं उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येते.

आता तुमचं लिहिलेलं बघू. तुम्ही इतकं नीट लिहिलंय की निम्मं काम झालंच आहे.

धक्क्यावर लगेच चालू होते. म्हणजे पेट्रोल येतंय, स्पार्क पडतोय. फ्युएल पंप, प्लग, कॉइल, सगळं बाजूला ठेवा. 'कट्' ऐकू येतो. म्हणजे चावी, रिले आणि त्यांच्यामधली वायर यांनी त्यांचं काम केलं, सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा चुंबकी स्विच, ओढला गेला. रिले गेला असता तर तो आवाजच आला नसता. राहिली बॅटरी, सेल्फ आणि त्यांच्यामधल्या जाड केबली.

बॅटरी कमी असती तर सोलेनॉइड एकदा ओढून थांबला नसता, कट-कट-कट असा ताशा वाजला असता आणि हेडलाइट विझायला आले असते. तुमचे लख्ख राहतात. भिंतीवर उजेड पाडून पाहिलंत हे फार चांगलं केलंत. याचा अर्थ बॅटरीत दम आहे, पण तो सेल्फपर्यंत पोहोचत नाही, किंवा सेल्फ तो घेत नाही.

यातलं कुठलं, हे तुमच्या क्लचनं सांगितलंय. त्याचा या दुखण्याशी पुरता संबंध आहे. सेल्फला शंभर-दीडशे अँपिअर लागतात. हा करंट प्लसच्या केबलनं सेल्फमध्ये जातो आणि इंजिनच्या लोखंडातून मायनसला परत येतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून वीज जात नाही. म्हणून गिअरबॉक्सपासून बॉडीला किंवा बॅटरीला एक जाड अर्थची, म्हणजे अर्थिंगची, केबल दिलेली असते. ती सडली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि इंजिनपासून बॉडीकडं जाणारी लोखंडी वस्तू म्हणजे क्लचची केबल. ती एवढा करंट सोसायला बनवलेली नाही. तापते, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळतं, क्लच जड होतो, वास येतो. हेडलाइटचं अर्थिंग बॉडीवर असतं, म्हणून त्यांना काही कळत नाही.

पण माझं ऐकून काही बदलू नका, मोजा. 300-400 रुपयांचा मल्टिमीटर आणा, डी.सी. 20 व्होल्टवर ठेवा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. ओढणी, पदर, केस बांधून घ्या. एकानं चावी फिरवायची, तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही.

आधी काळी आणि लाल कांडी बॅटरीच्या दोन खुंट्यांवर. टर्मिनलच्या क्लॅम्पवर नको, शिशाच्या खुंटीवरच. चावी फिरवल्यावर आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी बघू. मग काळी कांडी मायनसच्या खुंटीवर आणि लाल इंजिनच्या उघड्या बोल्टवर, रंग नसलेल्या. फिरवा. इथं अर्ध्या व्होल्टच्या आत आलं पाहिजे. मग तसंच लाल कांडी बॉडीवर. तिन्ही आकडे इथं लिहा.

वाशिष्ठीकाठ

काका, मीटर आणला. माझा भाचा चावीवर, मी बोनेटपाशी. रात्रीचा पाऊस होता, त्यामुळे सकाळी गाडी हट्टालाच बसली होती. प्रत्येक आकडा दोनदा घेतला.

नुसती बॅटरी: 12.4
चावी फिरवताना खुंट्यांवर: 11.7
मायनस ते इंजिन: 5.9
मायनस ते बॉडी: 0.1

5.9 पाहिल्यावर मला वाटलं मी कांडी चुकीच्या जागी लावली. म्हणून दुसऱ्या बोल्टवर घेतलं. 5.8.

चोवीस व्होल्ट

कांडी बरोबर जागी होती. तुमच्या 11.7 पैकी जवळजवळ सहा व्होल्ट परतीच्या वाटेवरच सांडतायत. सेल्फच्या वाट्याला येतं ते उरलेलं, तेवढ्यात तो फिरणार कसा? बॅटरी ते बॉडी ठीक आहे, बॉडी ते इंजिन तुटलंय.

आता खात्री. जंपर केबलीतली फक्त काळी घ्या. एक टोक मायनसला, आणि दुसरं शेवटी, इंजिन उचलायच्या लोखंडी हुकाला. पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब. चावी फिरवा.

वाशिष्ठीकाठ

पहिल्या झटक्यात चालू झाली! एवढ्या जोरात सेल्फ फिरलेला मी गाडी घेतल्यापासून ऐकला नव्हता. केबल काढून पुन्हा मारला, कट्. लावली, चालू. तीनदा करून पाहिलं. आप्पा खिडकीतून बघत होते, त्यांनी टाळी वाजवली.

माळावरचा

मान गये काका. मी सेल्फच उतरवायला लावला असता. ताई, माझं ऐकलं नाहीत हे बरं झालं.

चोवीस व्होल्ट

तुमचा अंदाज चुकीचा नव्हता दादा, कार्बन गेले की हेडलाइट असेच लख्ख राहतात आणि असाच एक कट् येतो. फरक फक्त मीटर दाखवतो.

ताई, आता बॅटरीखालच्या ट्रेमधून गिअरबॉक्सकडं जाणारी केबल शोधा. दोन्ही लग, म्हणजे टोकाच्या धातूच्या कड्या, काढून बघा, हिरवं-पांढरं बुरशीसारखं चढलेलं असेल. लग घासून जमेल असं वाटेल, पण इन्सुलेशनच्या आतपर्यंत तांबं काळं पडलं असेल तर नवीच टाका. बॉडीचा बोल्ट जिथं बसतो तिथला गंज आणि रंग पॉलिश पेपरनं पांढऱ्या लोखंडापर्यंत घासा, घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी नाही. क्लचची केबलही परत बदलावी लागेल, तिचं आतून वाटोळं झालं असेल.

आणि एक प्रश्न, विचारायला जड जातंय. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेनं अर्थ सडतोच. पण 48 हजार किलोमीटरच्या गाडीत एवढा सडलेला मी सांगलीत 2019 च्या पुरानंतर पाहिला, पुरात उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये. तुमच्याकडं 22 जुलै 2021 ला पाणी आलं होतं. गाडी तेव्हा कुठं होती, माहिती आहे? पुढच्या सीटचा पट्टा पूर्ण, अगदी संपेपर्यंत बाहेर ओढा आणि शेवटचा वीतभर भाग बघा. गाडी धुणारे तिथपर्यंत जात नाहीत.

वाशिष्ठीकाठ

काका, दोन दिवस लिहायला धीर झाला नाही.

ड्रायव्हरच्या पट्ट्याच्या शेवटच्या भागावर चिखलाची आडवी रेघ आहे. बोट फिरवलं तर पीठ निघतं. स्टेपनीच्या खड्ड्यात कोपऱ्याला वाळलेला गाळ, सीटखालच्या रुळांना गंज. तो गाळ मी ओळखते. त्या दिवशी आमच्या घरात पाच फूट पाणी होतं आणि त्यानंतर महिनाभर मी तोच गाळ भांड्यांतून, पुस्तकांतून, शिवणयंत्रातून काढत होते. आणि तीच गाडी मी गेल्या दिवाळीत पेढे वाटून घरी आणली. एजंटाला फोन केला तर म्हणतो मलाही माहीत नव्हतं.

केबल मात्र आपण सांगितलं तशीच निघाली. गिअरबॉक्सकडचा लग हातात घेतला तर तुकडा पडला. 350 रुपयांत नवी बनवून घेतली. आता मायनस ते इंजिन 0.2. गाडी चालू असताना खुंट्यांवर आधी 13.1 यायचे, आता 14.2 येतात. म्हणजे बॅटरीही नीट चार्ज होत नव्हती का?

चोवीस व्होल्ट

होय. अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा, करंटही त्याच केबलनं बॅटरीत जातो. तुमची जुनी बॅटरी बहुधा मेली नव्हती, उपाशी होती. दुकानात अजून पडून असेल तर चार्ज करून तपासायला सांगा.

गाळाचं वाचून वाईट वाटलं. पण गाडी टाकून देऊ नका. पाणी सीटच्या वर गेलं होतं का, ते डॅशबोर्डखालच्या कनेक्टरवरून कळेल. हिरवं नसेल तर पुष्कळ वाचलं. गिअरबॉक्सचं ऑइल काढून बघा, दुधट असेल तर लगेच बदला. चाकांच्या बेअरिंगचा घरघर आवाज ऐका. इन्शुरन्स कंपनीकडं जुना पॉलिसी नंबर देऊन 2021 चा क्लेम झाला होता का, लेखी विचारा. झाला असेल तर एजंटाशी बोलायला तोच कागद लागेल.

पिवळ्या कनेक्टरना, म्हणजे सीटखालच्या आणि स्टेअरिंगजवळच्या, हात लावू नका आणि मीटर तर मुळीच लावू नका. त्या एअरबॅगच्या वायरी आहेत, मीटरच्या करंटनंही एअरबॅग फुटू शकतात. ते काम सर्व्हिस सेंटरला.

वाशिष्ठीकाठ

इन्शुरन्सला आज पत्र दिलं, पोच घेतली. गिअरबॉक्सचं ऑइल शनिवारी. डॅशबोर्डखाली भाच्याने टॉर्च मारून पाहिलं, कनेक्टर स्वच्छ आहेत.

उद्या गुरुवार. सव्वासहाला आप्पांना घेऊन निघते. काळी केबल डिकीत ठेवली आहे.