अँजेलिक किजो: गाणं, युनिसेफ आणि ते बँड एड प्रकरण

कोकणकडा:
किजोवर इथे कोणी लिहिलेलं दिसलं नाही म्हणून धागा काढतोय. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनची सोल सिंगर, १९६० चा जन्म, भावांचा बँड होता त्यामुळे अमेरिकन सोलवाला (कृष्णवर्णीयांचं गॉस्पेल-ब्लूजच्या मुशीतलं संगीत) जेम्स ब्राऊन वगैरे लहानपणापासून कानावर. १९८३ मध्ये देश सोडून पॅरिसला गेली, कारण तेव्हाची मार्क्सवादी राजवट गायकांच्या मागे लागायची की आमचे गोडवे गा, आणि हिला ते करायचं नव्हतं. पुढे न्यूयॉर्क, पाच ग्रॅमी. २००२ पासून युनिसेफची सदिच्छा दूत, २००६ मध्ये मुलींच्या शिक्षणासाठी बाटोंगा ही स्वतःची संस्था. नाव झाल्यावर ते असं कामाला लावणारे कलाकार फार थोडे, त्यात ही पहिल्या रांगेत. पटत नसेल तर बोला.

तिरकस:
नाही पटत. आवाजाला सलाम, पण सदिच्छा दूत हा प्रकारच मला खटकतो. विमानाने जायचं, पोरं कडेवर घेऊन फोटो, परत. २०१५ ला दावोसला, बड्या उद्योगपती-नेत्यांच्या आर्थिक परिषदेत, क्रिस्टल अवॉर्ड घेतलाय बाईंनी, म्हणजे टाळ्या कोणाच्या ते बघा. त्यापेक्षा दक्षिण आफ्रिकेची गायिका मिरियम मकेबा आठवा. १९६० मध्ये आईच्या अंत्यविधीला निघाली तर पासपोर्ट रद्द झाल्याचं कळलं, १९६३ मध्ये युनोत वर्णद्वेषाविरुद्ध बोलली तर तिच्या रेकॉर्डवर बंदी, तीसेक वर्षं मायदेशी पाय ठेवता आला नाही. याला म्हणतात किंमत मोजणं.

हळद_कुंकू:
अहो पण मार खाल्ला तरच काम खरं, हा कुठला नियम? आणि राजवटीसाठी गायचं नाही म्हणून तेविशीत देश सोडणं हे काय फुकटात झालं? मकेबाला तर किजो स्वतःच आदर्श मानते.
बाटोंगाचं काम जरा बघा. बाकी सगळ्यांचा जोर प्राथमिक शाळेवर असायचा, म्हणजे नाव घातलं, आकडा वाढला, खूश. मुलगी गळते त्यानंतर, घरी बसली की लग्न. हिने नेमकं माध्यमिक धरलं. बेनिन, माली, इथिओपिया, कॅमेरून, सिएरा लिओनमध्ये शिष्यवृत्त्या दिल्या, आणि नंतर ज्यांची शाळाच सुटलीय त्या मुलींकडे मोर्चा वळवला, बेनिनमध्ये त्यांचे क्लब, पैसे साठवणं, छोटा धंदा, साधारण आपल्या बचत गटांच्या वळणाने. यात फोटो काढण्यासारखं काय आहे सांगा.

तिरकस:
बरं, मग २०१४ चं काय? इबोलाच्या साथीच्या वेळी गायक बॉब गेल्डॉफने बँड एडची, म्हणजे मदतनिधीसाठी एकत्र गाणाऱ्या गायकांच्या ताफ्याची, मोट परत बांधली, तेच १९८४ चं ख्रिसमसचं गाणं नवीन ओळी घालून, आफ्रिका म्हणजे जणू नुसता मरणाचा पत्ता. घानाच्या घरातला ब्रिटिश गायक फ्यूझ ओडीजी, त्याला बोलावणं आलं, त्याने शब्द वाचले, नाही म्हणाला आणि का नाही ते गार्डियनमध्ये लिहिलं. किजो मात्र गेली आणि गायली.

उपरी:
अर्धीच गोष्ट सांगताय तुम्ही. ब्रिटिश गायिका एमेली सँडे त्या गाण्यात होती, तिने नंतर जाहीर सांगितलं की तिने आणि किजोने शब्द बदलून गाऊन दिले होते, फायनलमध्ये त्यातलं काहीच घेतलं नाही.

तिरकस:
मी वेगळं काय म्हणतोय! आत शिरून बदलू म्हणणाऱ्याचं हेच होतं, चेहरा वापरला आणि ओळी केराच्या टोपलीत. २०२४ ला तो ट्रॅक परत काढला तेव्हा २०१४ ला त्यात गायलेल्या एड शीरनने लिहिलं की मला विचारलं असतं तर मी माझा आवाज वापरू दिला नसता, आणि दाखला कोणाचा दिला? फ्यूझ ओडीजीचा. बाहेर राहिलेला माणूस दहा वर्षांनी ऐकला गेला.

कोकणकडा:
तिथे जाणं मलाही रुचलं नव्हतं. पण ११ नोव्हेंबर २०१८ चा व्हिडिओ बघा, पहिलं महायुद्ध संपल्याची शंभरी, पॅरिस, पावसाळी हवा, समोर मॅक्रॉन, मर्केल, ट्रम्प, पुतिन, आणि ही बाई टोगोच्या बेला बेलोचं गाणं आफ्रिकन भाषेतच गाते, फ्रान्ससाठी मेलेल्या आफ्रिकन सैनिकांच्या आठवणीत. समोरच्यांपैकी कितीजणांना शब्द कळले असतील देव जाणे, पण एकजण हलत नाही.

तिरकस:
आणि त्याच फ्रान्सने वसाहती सुटल्यावर त्या सैनिकांची पेन्शन वर्षानुवर्षं गोठवून ठेवली होती. गाणं छान झालं हो, सरकारचं काम स्वस्तात भागलं.

बैठकवाला:
मधेच शिरतो, ही सोल सिंगर कधीपासून? दुकानात वर्ल्ड म्युझिकच्या कप्प्यात असायची.

हळद_कुंकू:
तो कप्पा म्हणजे इंग्रजीत न गाणाऱ्यांचं गोदाम. किजोचा २०१० चा अल्बम ऐका, ओटिस रेडिंग, कर्टिस मेफिल्ड, जेम्स ब्राऊन, सगळ्या सोलवाल्यांची गाणी गायलीय त्यात. रेडिंगचं गाणं तिने उगाच ताणलेलं नाही, खालच्या पट्टीत धरून ठेवलंय, मला तर मूळ गाण्याइतकंच आवडतं. (लोक चिडतील, चिडू देत.)

उपरी:
तिरकस, अजून एक. २०१६ ला अॅम्नेस्टी या मानवी हक्कांच्या संघटनेने किजोला पुरस्कार दिला तो एकटीला नव्हता, सेनेगल, बुर्किना फासो आणि काँगोमधल्या तरुणांच्या तीन चळवळींसोबत दिला. त्यातल्या काँगोच्या लुचा या चळवळीची पोरं तेव्हा तुरुंगात होती.

तिरकस:
मग झालं तर! पोरं तुरुंगात, बाई स्टेजवर. हाच फरक सांगतोय मघापासून.

उपरी:
फरक आहेच, कोण नाही म्हणतंय. पण लुचा हे नाव तुम्ही याआधी ऐकलं होतं का? मी नव्हतं ऐकलं, किजोच्या बातमीतच पहिल्यांदा वाचलं.