नोकरांच्या घंटेची दोरी पर्यटकांनी ओढावी का?

ओसरीवरची: मागच्या आठवड्यात यॉर्कशायरमधली एक जुनी हवेली पाहिली. गाईडबाई दहा मिनिटं फायरप्लेसच्या संगमरवराबद्दल बोलल्या. तो रोज पेटवायचं कोण, यावर चकार शब्द नाही. शेजारीच भिंतीत नोकरांना बोलावायच्या घंटेची पितळी मूठ होती. "ओढून बघा!" म्हणाल्या, आणि पोरांची ही रांग लागली. माझा लेक तीनदा ओढून आला. खाली तळघराच्या बोळात घंटांची ओळ, प्रत्येकीखाली खोलीचं नाव रंगवलेलं. ज्या आवाजासरशी कुणी हातातला घास टाकून जिने चढायचं, त्याचा खेळ करायचा? घंटा दाखवा, वाजवू देऊ नका.

तारमास्तर: साफ असहमत. वाजवल्याशिवाय त्यातली करामत कळतच नाही. मूठ ओढली की भिंतीतली तार ताणली जाते, कोपऱ्याकोपऱ्यावरच्या छोट्या तरफा तिला वळवतात आणि पार तळघरात गुंडाळलेल्या स्प्रिंगवरची घंटा हलते. आवाज थांबला तरी ती झुलत राहते, म्हणजे उशिरा पोचलेल्यालाही कुठून बोलावणं आलं ते दिसतं. शिवाय या तारा येण्याआधी नोकराला हाकेच्या अंतरावर, दाराबाहेर तासन् तास ताटकळावं लागे. घंटेमुळे तो निदान खाली बसू तरी लागला.

ओसरीवरची: बसू लागला, आणि मालकांच्या नजरेआडही झाला. इंग्लंडमधल्या पेटवर्थ हवेलीत तर नोकरांची इमारतच वेगळी, मुख्य घराशी भुयाराने जोडलेली. माणूस दिसायला नको, जेवण मात्र वेळेवर हवं!

काजळी: घंटेवरून भांडताय, धुराडं राहिलंच. उघड्या शेकोटीची बरीचशी ऊब धुराबरोबर वर निघून जायची. रमफर्ड या शास्त्रज्ञाने 1796 मध्ये लिहून सांगितलं, धुराड्याचा गळा अरुंद करा, शेकोटीच्या बाजू तिरक्या करा. तरी कोळसा खोलीखोलीत हातानेच न्यायचा, राख हातानेच काढायची. आणि धुराडी साफ करायला आत चढायची लहान पोरं. 1788 पासून कायद्यावर कायदे झाले, पाळले कुणी? 1875 मध्ये केंब्रिजजवळ फुलबर्नच्या इस्पितळाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर अडकला आणि दगावला. कडक कायदा आला तो त्याच वर्षी.

तारमास्तर: हे भयंकरच आहे, वाद नाही. पण सगळ्या हवेल्या एका माळेत ओवू नका. वेल्समधल्या एर्डिगच्या यॉर्क घराण्याने आपल्या नोकरांची चित्रं काढून घेतली, त्यांच्यावर कविता केल्या.

ओसरीवरची: कविता मालकांच्याच ना? मोलकरणीने मालकावर केलेली एखादी असेल तर वाचायला आवडेल.

खर्डेघाशी: इंग्रजांना कशाला नावं ठेवता? आपल्याकडे साहेबाच्या टेबलावर शिपायाला बोलवायची घंटी असायचीच. पाण्याचा ग्लास हातभर अंतरावर, तरी टिंग! मी तीस वर्षं ऐकली. (पगारवाढ मागितली की काय मिळायचं, तर तीच.)

तारमास्तर: 😀 बरं, तोडगा सुचवतो. निम्मे पर्यटक वर, निम्मे तळघरात. घंटा वाजली की खालच्यांनी घंटा ओळखायची आणि कोळशाने भरलेली बादली घेऊन त्या खोलीत हजर व्हायचं. मागच्या जिन्याने. मग अदलाबदल.

ओसरीवरची: हे चालेल. माझ्या लेकाला आधी खाली पाठवते.