डावा हात, पण पाय कोणता?

'लिहिणारा हात डावा म्हणजे पायही डावाच' हे विधान सरसकट मान्य करता येत नाही, कारण हाताला लहानपणापासून जेवढे वळण लावले जाते तेवढे पायाला कोणी लावत नाही. आमच्या बडोद्यातील मराठी घरांत डावखुरे मूल पाटीवर डाव्या हाताने लिहिते, पण पंगतीत वरणभात उजव्यानेच कालवते. चेंडू कोणत्या पायाने मारावा हे मात्र त्याला (सुदैवाने) कोणी शिकवत नाही. सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितो आणि उजव्या हाताने फलंदाजी करायचा. मानसशास्त्रज्ञ ओल्डफील्ड यांच्या १९७१ च्या, माणूस डावखुरा की उजवा हे ठरवणाऱ्या प्रश्नावलीत म्हणूनच लिहिण्याखेरीज दात घासणे, काडी पेटवणे, झाडू धरताना वर राहणारा हात अशा कृती विचारल्या असून पायाची व डोळ्याची पसंती वेगळी नोंदवली जाते.